विंचवाची नांगी आणि मज्जातंतूंची दारे



पत्रिकेत आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आले असेल की, मज्जातंतूंवर बोलायला युनियनच्या माणसाला कशाला उभे केले? पगार, बोनस, टाळेबंदी हे आमचे रोजचे विषय. वैद्यकाचे शिक्षण आम्हांस नाही. शाळेचेही बेताचेच आहे. जे वाचले ते सार्वजनिक वाचनालयात बसून, शेजारी इंग्रजी कोश ठेवून. तेव्हा डॉक्टरी अधिकाराने आम्ही काही सांगणार नाही. एका विंचवाने आणि एका वकिलाने मिळून आम्हांला या विषयात ढकलले, आणि एकदा शिरल्यावर त्यातून लवकर बाहेर पडावेसे वाटले नाही, एवढाच आमचा अधिकार.

वसंत व्याख्यानमालेचा आणि विंचवाचा हंगाम एकच, हा योगायोग आपण ध्यानात घेतला असेल. उन्हाने जमीन तापली, की विंचू बिळातून, दगडाखालून, विटांच्या थप्पीतून रात्री बाहेर पडतो. आपण येथे मांडवात गार वाऱ्याला बसलेले असतो त्याच वेळी खराडी-वाघोलीच्या बाजूला पत्र्याच्या खोपटांत बांधकामावरचे लोक जमिनीवर पथारी टाकून निजलेले असतात. 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' असे आपण म्हणतो. ज्यांचे बिऱ्हाड खरोखरच पाठीवर, त्यांच्याच बिऱ्हाडात विंचू जास्त निघतो.

आपल्या लोकांत विंचवाविषयी एक समजूत आहे, ती आधी बाजूला सारू. मोठी काळी इंगळी दिसली की माणसे घाबरतात आणि लहानसा तांबूस विंचू दिसला तर चपलेने मारून मोकळी होतात. वस्तुतः प्राणाला धोका आहे तो या लहान लाल विंचवाचा. कोकणात, पश्चिम महाराष्ट्रात, मराठवाड्यात तो सर्वत्र आहे. त्याच्या दंशाने माणूस कसा मरतो, हे जगाला नीट कळले ते आपल्या महाराष्ट्रातल्या एका डॉक्टरामुळे.

जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर नोकरीस लागले. तेथे विंचू चावलेली माणसे येत, आणि त्यांतली तरणीताठी माणसे, कोवळी पोरे डोळ्यांदेखत दगावत. विंचवाने माणूस मरतो हे त्या वेळच्या पुस्तकांत नीटसे लिहिलेले नव्हते. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून लक्षणे टिपायला सुरुवात केली. ओकाऱ्या होतात, अंगाला दरदरून घाम सुटतो, हातपाय बर्फासारखे गार पडतात, नाडी धावते, रक्तदाब चढतो, आणि काही तासांनी श्वास घुसमटून तोंडाला गुलाबी फेस येतो. १९८२ साली ही निरीक्षणे 'लॅन्सेट' या लंडनच्या वैद्यक साप्ताहिकात छापून आली. खेड्यातल्या आरोग्य केंद्रावरच्या एका नोकरदार डॉक्टराची ही वही! मोठमोठ्या प्रयोगशाळांना जे साधले नाही ते कंदिलाच्या उजेडात साधले असे म्हटले, तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

आता वकिलाची गोष्ट. काही वर्षांपूर्वी शहराबाहेरच्या एका वीटभट्टीवर काम करणाऱ्या बाईला पहाटे विटा उचलताना पायाच्या अंगठ्याला विंचू चावला. मुकादमाने चुना लावला, थोडे थांबा म्हणजे उतरेल, असे सांगितले. दुपारी तिला धाप लागली. दवाखान्यात नेईपर्यंत संध्याकाळ झाली आणि रात्री ती गेली. कागदावर मृत्यूचे कारण पडले 'हृदयक्रिया व श्वसन बंद पडून'. भरपाईचा दावा आम्ही लावला तेव्हा मालकाच्या वकिलाने शांतपणे विचारले, "चावा अंगठ्याला. बाई मेली फुफ्फुसात पाणी होऊन. या दोहोंचा संबंध काय?"

प्रश्न कायद्याच्या दृष्टीने चोख होता. 'कामामुळे आणि काम चालू असताना झालेला अपघात' हे १९२३ च्या कायद्यातले शब्द, आणि ते २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आले आहेत. अंगठा आणि फुफ्फुस यांच्यामधली साखळी एकेक कडी जोडून दाखवली नाही, तर दावा तेथेच पडतो. त्या कड्या शोधायला आम्ही निघालो आणि शेवटी अशा एका जागी पोचलो की जी सूक्ष्मदर्शकालाही सहजी दिसत नाही. ती जागा म्हणजे मज्जातंतूच्या पेशीला असलेली दारे.

येरवड्यात राहणाऱ्याला दाराची उपमा शोधायला लांब जावे लागत नाही. ज्या तुरुंगात १९३२ साली पुणे करारावर सह्या झाल्या त्याच्या फाटकाशी आपल्यापैकी कोणी ना कोणी कधी उभे राहिले असेल; आम्ही तर संपातल्या साथींना भेटायला पुष्कळदा उभे राहिलो आहोत. तुरुंगाच्या फाटकाची रीत अशी, की तेथे एकामागे एक अशी दोन दारे असतात आणि दोन्ही एका वेळी उघडी ठेवायची नाहीत. मोठ्या दाराला एक दिंडी असते; तिच्यातून वाकून, एकेकाने, आणि ज्याचे नाव पुकारले त्यानेच आत जायचे. मज्जातंतूची रचना पुष्कळशी अशीच आहे.

प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध द्रव्याचा एक पातळ पापुद्रा असतो. पापुद्र्याबाहेर सोडियम जास्त, म्हणजे आपल्या मिठातलाच सोडियम. आतमध्ये पोटॅशियम जास्त. हे कण विद्युतभार घेऊन फिरतात, म्हणून त्यांना आयन म्हणतात. पापुद्र्यात प्रथिनांच्या नळ्या बसवलेल्या आहेत. एक नळी सोडियमलाच सोडते, दुसरी पोटॅशियमलाच, तिसरी कॅल्शियमला. या नळ्या म्हणजे आयन-वाहिन्या. आम्ही त्यांना दारेच म्हणू. मज्जातंतू स्वस्थ असताना पापुद्र्याच्या आतबाहेर सुमारे सत्तर मिलिव्होल्टचा फरक असतो. संदेश आला की सोडियमची दारे उघडतात, सोडियम आत घुसतो, फरक पालटतो, त्याने शेजारची दारे उघडतात, मग त्यांच्या शेजारची. मोर्चातली घोषणा पुढून मागे जावी तशी ही लाट तंतूभर पळते. सुई टोचल्याचे कळते ते असे.

यातली खरी खुबी दार बंद होण्यात आहे. सोडियमच्या दाराला दोन झडपा आहेत. पहिली उघडते, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास दुसरी झडप मागून येऊन वाट बुजवते. तोपर्यंत पोटॅशियमची दारे उघडून तंतूला पुन्हा पूर्वस्थितीवर आणतात. दुसरी झडप नसती तर एका टाचणीच्या टोचण्याने माणूस दिवसभर ओरडत राहिला असता.

हे सारे शोधून काढले केंब्रिजच्या हॉजकिन आणि हक्सली या दोघांनी. त्यासाठी त्यांनी माकुल घेतला, आपल्या कोळीवाड्यांत मिळतो त्याच जातकुळीचा समुद्रातला प्राणी. त्याच्या अंगात एक मज्जातंतू इतका जाड असतो की त्यात काचेची बारीक नळी घालता येते. १९३९ साली पहिली नोंद झाली, मग महायुद्धात काम थांबले, आणि १९५२ साली त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले. विद्यापीठाचे गणनयंत्र त्या वेळी बंद असल्यामुळे हक्सलीने सारी समीकरणे हाताने दांडा फिरवायच्या यंत्रावर सोडवली. हे वाचून आम्हांला फार बरे वाटले. विज्ञानातही अंगमेहनत असते. १९६३ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र त्यांनी दार प्रत्यक्ष पाहिले नव्हते, हिशोबाने ओळखले होते. एकेका दारातून जाणारा प्रवाह मोजायची युक्ती नेहेर आणि सॅकमन या जर्मन शास्त्रज्ञांनी १९७६ साली काढली, आणि पोटॅशियमच्या दाराची घडण मॅकिनन यांनी १९९८ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली.

आता नांगीकडे येऊ. लाल विंचवाच्या विषात अनेक प्रथिने आहेत, आणि त्यांतली काही नेमकी सोडियमच्या दाराला जाऊन चिकटतात. ती दार फोडत नाहीत. ती दुसऱ्या झडपेच्या रखवालदाराचा हात धरून ठेवतात. दार उघडते, पण मिटत नाही. विष रक्तातून जेथे जेथे पोचते तेथे तेथे ही गत होते. हृदयाचा, घामाचा, रक्तवाहिन्यांचा कारभार आपल्या इच्छेवाचून चालवणारे जे मज्जातंतू आहेत, त्यांची टोके नॉरअॅड्रेनॅलिन नावाचे द्रव्य ओतीत राहतात. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी अॅड्रेनॅलिन ओततात. सगळ्या शरीरात एकदम वादळ उठते. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हातपाय गार. आवळलेल्या नळ्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकते. पुढे न गेलेले रक्त मागे तुंबते, आणि फुफ्फुसांत पाणी झिरपते. झाली साखळी पुरी! अंगठा, रक्त, न मिटलेले दार, वादळ, थकलेले हृदय, भरलेली फुफ्फुसे. वकिलाच्या प्रश्नाचे उत्तर या सहा कड्यांत होते. आम्ही ते डॉक्टरांच्या साक्षीतून मांडले आणि तो संबंध मान्य झाला. बाईच्या दोन मुलांच्या नावे पैसे बँकेत पडले, ते दोन वर्षे सात महिन्यांनी.

बावस्करांचा दुसरा आणि मोठा पराक्रम औषधाचा. वादळ कसे होते हे ध्यानात आल्यावर त्यांनी असा विचार केला की, दारे मिटवता येत नसली तरी आवळलेल्या रक्तवाहिन्या तर सैल करता येतील. प्राझोसिन नावाची रक्तदाबाची गोळी बाजारात होतीच. ती नॉरअॅड्रेनॅलिनला रक्तवाहिन्यांवर काम करू देत नाही. ही गोळी स्वस्त, तोंडाने घ्यायची, आणि खेड्यातल्या दवाखान्यातही ठेवता येण्यासारखी. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनी १९८६ साली हा अनुभव लॅन्सेटमध्येच मांडला. गंभीर लक्षणांच्या रुग्णांत पूर्वी तिघाचौघांत एक दगावे. गोळी वेळेवर मिळू लागल्यावर हे प्रमाण शंभरांत एखाददुसऱ्यावर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे हाफकिनचे विंचवाविरुद्धचे प्रतिविषही आले. महाडलाच सत्तर रुग्णांवर त्याची रीतसर तुलना केली गेली आणि २०११ साली ती प्रसिद्ध झाली. नुसत्या प्राझोसिनवर असलेल्या पस्तीसांपैकी आठ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, प्रतिविष व प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या पस्तीसांपैकी बत्तीस. येथे एक सूचना द्यावीशी वाटते. ही गोळी कोणी घरी स्वतःच्या मनाने देऊ नये. तिने रक्तदाब एकाएकी उतरू शकतो. रुग्णाला आडवे ठेवून डॉक्टरांच्या नजरेखालीच ती द्यायची असते.

शास्त्रज्ञांनी या विषाचा उलटा उपयोगही केला आहे. जे दाराला नेमके चिकटते ते कुलपाची किल्ली म्हणून वापरता येते. आपल्या लाल विंचवाच्या विषातून १९९० साली आयबेरिओटॉक्सिन नावाचे प्रथिन वेगळे काढण्यात आले. ते पोटॅशियमच्या एका विशिष्ट जातीच्या दाराला बूच मारते, आणि ते दार कोठे काय काम करते हे शोधायला जगभरच्या प्रयोगशाळा ते वापरतात. आमच्या भट्टीवरचा विंचू असा परदेशी विद्यापीठांत मानाने राहतो; भट्टीवरच्या माणसाला रेशनकार्डासाठी गावी परत जावे लागते.

दार अडकवणारे विष असते तसे दार आवरणारे औषधही असते. दात काढताना हिरडीत जे इंजेक्शन देतात ते सोडियमची दारे घटकाभर बंद करते. दुखण्याची बातमी मेंदूपर्यंत जातच नाही. फेफऱ्यावरचे फेनिटॉइन हे औषध १९३८ पासून वापरात आहे. त्याचे काम विंचवाच्या अगदी उलट. ज्या दुसऱ्या झडपेला विष मिटू देत नाही, तीच झडप हे औषध मिटलेली धरून ठेवते, म्हणून मेंदूतल्या पेशी भलत्या वेगाने धडाडत सुटत नाहीत. एके काळी जगभर फेफऱ्याच्या रोग्यांना वेड्यांच्या इस्पितळांत डांबून ठेवीत. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्यातला फेफऱ्याचा उल्लेख काढायला १९९९ साल उजाडले. गोळीने आटोक्यात राहणारे दुखणे लपवून ठेवणारे कामगार आम्ही आजही पाहतो, कारण उघड झाले की काम जाते. दार बिघडलेले एका नळीचे, आणि माणसाला मात्र सगळी दारे बंद!

मज्जातंतूच्या पेशीचा नाश कसा होतो आणि तो रोखता येतो का, हा या विषयाचा सर्वांत अवघड भाग. अर्धांगवायूचे उदाहरण घेऊ, कारण तो या सभेतल्या बहुतेक घरांनी पाहिला असेल. दारातून जे सोडियम आत आले ते बाहेर काढणारे पंपही पापुद्र्यात बसवलेले आहेत. हा पंप डेन्मार्कच्या स्कू यांनी १९५७ साली दाखवून दिला. तीन सोडियम बाहेर टाकायचे, दोन पोटॅशियम आत घ्यायचे, अशी त्याची पाळी जन्मभर चालते, सुट्टी नाही. मेंदू वजनाने शरीराच्या पन्नासाव्या भागाएवढा, पण शरीराच्या एकूण इंधनाचा पाचवा हिस्सा खातो. त्यातला मोठा वाटा या पंपांचा.

मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की इंधन थांबते आणि पंप थांबतो. सोडियम आत साचतो, पेशी फुगते, शेजारच्या पेशींवर ग्लुटामेट नावाचे उत्तेजक द्रव्य सांडते, त्याने कॅल्शियमची दारे उघडतात, आणि कॅल्शियमचा लोंढा आतली यंत्रणा पोखरून टाकतो. वाहिनी मोठी असेल आणि उपचार झाला नाही, तर दर मिनिटाला सुमारे एकोणीस लाख मज्जापेशी मरतात, असा हिशोब २००६ साली मांडला गेला. मग कॅल्शियमची दारे औषधाने बंद करून पेशी वाचवाव्यात, ही कल्पना साहजिकच पुष्कळांना सुचली. उंदरांत ती यशस्वी झाली, माणसांत एकामागून एक औषधे पडली. कारण एक तर माणूस दवाखान्यात उशिरा येतो, आणि दुसरे, तीच दारे निरोगी पेशींनाही लागतात. सगळीच बंद केली तर गिरणीच बंद. मेंदूभोवती रक्तस्राव झाल्यावर देतात ते निमोडिपिन हे कॅल्शियमच्या दारावरचे औषध मात्र टिकले. २०१७ साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी एका कोळ्याच्या विषातले प्रथिन उंदरांना झटक्यानंतर आठ तासांनी दिले, तरी मेंदूचे नुकसान कमी झाले. तेही एका दाराला बूच मारणारेच. उंदरांवरून माणसांविषयी उड्या मारू नयेत, हे वर सांगितलेच आहे. आज हाती असलेला एक भरवशाचा उपाय म्हणजे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन, आणि ते साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तोंड वाकडे झाले, हात उचलत नाही, बोबडी वळली, की तेल चोळत बसू नये. पहिल्याच रिक्षाने मोठा दवाखाना गाठावा.

विंचू काय नि झटका काय, दोन्हींत घड्याळ चालू असते, आणि ते कोणासाठी किती वेगाने चालते हे कोठे काम करता यावर ठरते. येथून मोठे दवाखाने हाकेवर आहेत. भट्टीवरून, उसाच्या फडातून, खडीच्या खाणीवरून निघायला आधी मुकादमाची परवानगी, मग गाडी, मग रस्ता. सरकारी मदतीतही एक फट आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकऱ्यांसाठीची जी अपघात योजना राज्य सरकारने केली तीत विंचूदंश स्पष्ट लिहिलेला आहे. मृत्यूस दोन लाख रुपये. पण ती सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एकाला. ज्याचा सातबाराच नाही, जो दुसऱ्याच्या बांधावर भारा उचलतो, तो या योजनेत बसत नाही. विंचू सातबारा पाहून चावत नाही, ही गोष्ट मंत्रालयात कोणी तरी एकदा सांगायला हवी.

आमच्या मागण्या फार मोठ्या नाहीत. भट्टीच्या व बांधकामाच्या हंगामात जवळच्या आरोग्य केंद्रात प्राझोसिन व प्रतिविष शिल्लक आहे की नाही, हे फळ्यावर लिहावे. केसपेपरवर चाव्याची वेळ, जागा आणि काम कोणते चालले होते हे लिहावे. 'हृदयक्रिया बंद' एवढेच लिहिले की माणसाबरोबर त्याचा दावाही मरतो. आणि एक साधी गोष्ट. विंचू अतिनील दिव्यात हिरवट-निळा चमकतो. दुकानदार खोट्या नोटा ओळखायला जो लहान दिवा वापरतात, तसला दिवा अंधारात फिरवला की विटांच्या थप्पीतला, पथारीखालचा, बुटातला विंचू चटकन दिसतो. दर खोपटांच्या रांगेमागे असा एक दिवा आणि विटा उचलणाऱ्यांना जाड हातमोजे व बूट द्यावेत, असे पत्र आम्ही तीन ठेकेदारांना दिले आहे. एकाने दिवे आणले. दुसऱ्याने बूट देतो म्हणून सांगितले, पण पैसे मजुरीतून कापणार म्हणतो. त्यावर येत्या सोमवारी बोलणी आहेत. तिसऱ्याचे उत्तर अजून यायचे आहे.